आमच्या ह्यांनी सोडली तेव्हापासून

...आणि वर मलाच म्हणतात, 'मैना, आमटीत मीठ कमी आहे!' आता बोला! अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, संध्याकाळच्या वेळी ह्या माणसाला आमटी कुठली आणि चहा कुठला ते कळत नव्हतं, एकदा तर बाई पोळी समजून हात पुसायचं फडकं आमटीत बुडवलं आणि चावत चावत म्हणतात कसे, 'आज पोळी जरा चिवट झालीय गं', तेव्हा मी काही बोलले का? नाही बोलले! फडकं काढून घेतलं, पोळी दिली हातात! आणि आता ह्यांना मीठ कळायला लागलं! मीठ! का, तर म्हणे दारू सोडली!

बरं, सोडली म्हणजे नुसती म्हणण्यापुरती नाही, खरंच सोडली. तेच तर ना! मला त्याचाच तर डाउट! सोडतो सोडतो म्हणणारा नवरा बाईला पाठ असतो, त्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पण न सांगता, न बोलता, गुपचूप सोडतो म्हणजे काय? माणूस असा उगीच सुधरत नसतो, तुम्हाला सांगते! कुठंतरी पाणी मुरतंय!

थांबा, आधीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आपली सुटलीच. मी मैना. माहेर निफाडकडचं, द्राक्षाच्या बागेत लहानाची मोठी झाले. सासर इथं सातपूरला, कंपन्यांच्या मागच्या कॉलनीत. पुढच्या खोलीत माझी घरघंटी, आख्खी गल्ली माझ्याकडं दळण आणते. घरात सासूबाई, सखुबाई त्यांचं नाव, आणि आमची वेदिका, कॉलेजला जाते. आणि हे. गोरक्ष. एमआयडीसीत मशीनवर आहेत, जनरल शिफ्ट. आता शिफ्ट सुटल्यावर माणूस घरी येतो ना? ह्यांचा रस्ता वाइन शॉपवरून जायचा. नाव वाइन शॉप हं! पण आमच्याकडच्या द्राक्षांची ती लांब गळ्याची बाटली काचेत शोभेला, आणि हे आपले क्वार्टरवाले! मी एकदा म्हटलंसुद्धा, 'अहो, प्यायचीच तर माझ्या माहेरची तरी प्या!' तर म्हणाले, 'ती चढत नाही.' घ्या! माहेरची ती चढत नाही!

आता पिणारी माणसं तुम्ही काय कमी पाहिलीत? कुणी भांडतं, कुणी रडतं, कुणी नाचतं. आमच्या ह्यांचं तसं नव्हतं. ह्यांना दिसायचं! काय दिसायचं? अहो, सगळं! पहिला ग्लास संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही, दुसरा अर्ध्यावर आला की डोळे असे लकाकायचे, जशी काही गेलेली लाईट आली, आणि मला हाक, 'मैना, इकडं ये. बस. मला आता सगळं स्वच्छ दिसतंय.' मग मी हातातलं लाटणं ठेवून बसायची. का बसायची? ऐका तर! 'मैना,' म्हणायचे, 'माझं चुकलं. थोरल्या भावाशी बांधावरून भांडलो, काय वर घेऊन जायचंय का मला तो बांध? उद्याच जातो, पाया पडतो. आईचा मोतीबिंदू काढून टाकू. वेदिकाला शिकवायचं, ती म्हणंल तिथपर्यंत. आणि तू... तू लय सोसलंस गं माझं. दुसरी असती तर कधीच निघून गेली असती.' आणि हे कसं? ओरडून नाही, बरळून नाही. एकदम शांत, समजूतदार, एखादा शहाणा माणूस पारावर बसून बोलतो ना, तसं! खोटं कशाला बोलू, तेव्हा तो घाणेरडा वासही मला तेवढ्यापुरता... जाऊ द्या.

पण ती उजेडाची वेळ केवढी? कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत संपायची! कारण ह्यांना वाटायचं, दोन ग्लासात एवढं दिसतंय तर तिसऱ्यात अजून किती दिसेल! की भरला तिसरा. आणि तिसऱ्यात काय दिसायचं? काही नाही! त्याच भावाला आयमाय काढून शिव्या, त्याच आईला 'म्हातारे, तू गप', मग मोरीत उलट्या, मग मी ओढत आणून गादीवर टाकायची. सकाळी चहा देताना मी आपली आशेनं विचारायची, 'भावजींकडं कधी जायचं मग?' तर कपाळाला आठ्या. 'कशाला? त्याचं काय काम माझ्याकडं?' 'काल तुम्हीच म्हणालात ना...' 'मी? मी कुठं काय म्हणालो?' झालं! पाटी कोरी! म्हणजे रोज संध्याकाळी माणसाला ज्ञान व्हायचं आणि सकाळी ते मोरीतून वाहून गेलेलं असायचं!

तर असा संसार. अशा माणसाबरोबर राहिलं ना, की बाईचं हळूहळू पोलीस खातं होतं. वास घेण्यात मी एवढी तरबेज झाले की बडीशेपेखालची, विलायचीखालची, पेरूच्या पाल्याखालची, कुठल्याही खालची बरोबर ओळखायची. स्कूटरची डिकी, गॅसच्या टाकीमागं, संडासच्या फ्लशच्या टाकीत, एकदा तर गणपतीच्या मखराच्या खोक्यात, म्हणजे देवाला मध्ये घालून! सगळीकडं माझी धाड. आणि बाटली सापडली की ह्यांचं ठरलेलं, 'माझी नाही, भिकनची आहे.' हा भिकन म्हणजे ह्यांचा कंपनीतला दोस्त, मालेगावकडचा. आमच्या घरात जेवढ्या बाटल्या निघाल्या तेवढ्या सगळ्या त्या बिचाऱ्या भिकनच्या!

आणि मग एक दिवस, बरं का, एकादशी नाही, संकष्टी नाही, श्रावणसुद्धा नाही... श्रावण असता तर मी समजले असते, श्रावणात निम्मं सातपूर सुधरतं... साधा मंगळवार! आणि हे कंपनीतून सरळ घरी. सरळ म्हणजे रस्त्यानंही सरळ आणि चालतानाही सरळ! मी दळण टाकत होते, हातातलं सूप तसंच राहिलं. पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ गेले, हुंगलं. काही नाही. परत हुंगलं. काही नाही! 'काय गं?' 'काही नाही, कॉलरला डाग दिसला.' वास आला तो साबणाचा! आता मला सांगा, मशीनवरून आलेल्या माणसाला ऑइलचा वास यायला पाहिजे की साबणाचा? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आणि सात वाजले की तोंड धुवायचं, इस्त्रीचा शर्ट घालायचा, भांग पाडायचा आणि 'जरा जाऊन येतो.' कुठं? 'इथंच.' परत येणार तेव्हा डोळे लाल, आणि तोंडाला वास? चहाचा!

माणूस असा उगीच सुधरत नसतो, तुम्हाला सांगते!

मी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांना दिसत कमी, पण कळतं जास्त. त्या म्हणाल्या, 'बाई हाय.' एवढंच! तोंडातलं पान इकडचं तिकडं केलं आणि म्हणाल्या, 'म्या सांगते तुला मैना, बाईच हाय. आमचे थोरले चुलते बी असेच एकाएकी सुधारले व्हते. भांग काय, अत्तर काय! मागून कळलं, दिंडोरीला दुसरं घर केलंय.' घ्या! स्वतःच्या पोराबद्दल हं!

शेजारच्या विमलाबाईंना विचारलं, त्या शाळेत शिक्षिका होत्या, शिकलेल्या बाई. त्या म्हणाल्या, 'मैना, घाबरू नको, पण लिव्हर बघून घे. डॉक्टरनं शेवटचं सांगितल्याशिवाय कुणी सोडत नाही गं.' झालं! खिसे तपासले. गोळी नाही, औषध नाही, निघाली काय तर बडीशेप! आता प्यालेला माणूस बडीशेप खातो हे मला समजतं. न प्यालेल्या माणसाला बडीशेप कशाला लागते? बोला ना!

आणि घरातला ताप वेगळाच! एवढी वर्षं ह्यांना काही दिसत नव्हतं ते आता सगळंच दिसायला लागलं. नळ गळतोय ते दिसलं. पंख्यावर धूळ दिसली. 'मैना, ह्या भिंतीला ओल कधी आली?' अहो, त्या ओलीचं बारसं होऊन ती आता लग्नाला आली! सुट्टीच्या दिवशी तर माझ्या घरघंटीपाशी खुर्ची टाकून बसणार आणि गिऱ्हाइकांच्या डब्यात डोकावणार. 'वहिनी, गहू ओले आहेत.' 'मावशी, बाजरी निवडली नाही का तुम्ही?' विमलाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'मैना, तुझा नवरा पीत होता तेच बरं होतं गं, निदान माझ्या बाजरीत नाक घालत नव्हता!' आणि मला? मला एक शब्द नाही. नळ, पंखा, भिंत, मीठ. संपलं. ते जे 'मैना, इकडं ये, बस' असायचं ना... ते बंद.

मग एक दिवस दारात भिकन. डोळे पाण्यानं भरलेले, आणि चक्क शुद्धीत! 'वहिनी, भाऊ घरमा शे का?' मी म्हटलं, 'नाही, बाहेर गेलेत.' तर ओट्यावरच बसला. 'माले देखीसन भाऊ रस्ता बदलस, वहिनी! काय व्हयनं? मन्हं काय चुकनं?' मला बघून भाऊ रस्ता बदलतो, माझं काय चुकलं, असं विचारत होता तो. आता मी काय सांगू? ह्या माणसाला एवढी वर्षं मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्या दिवशी त्याला चहा करून दिला! दोघं आपले एकमेकांकडं बघत बसलो, एक बायको आणि एक दारूचा दोस्त, दोघांनाही कळेना की आपला माणूस गेला कुठं!

तेव्हाच ठरवलं. पाठलाग!

वेदिकाचा स्कार्फ घेतला. आपल्या नाशकातल्या पोरी स्कूटरवर बांधतात ना, डोळे तेवढे उघडे, दरोडा घालायला निघाल्यासारखा, तसा बांधला आणि निघाले ह्यांच्या मागं. हे पुढं, मी मागं. मंडईतून गेले, भाजीकडं बघितलं नाही. वाइन शॉपवरून गेले, तिकडं तर मान वळवून, असं उन्हाकडं बघताना करतो तसं तोंड करून गेले! मग एका दुकानात शिरले. काय घेतलं असेल? बिस्किटाचे पुडे! मी खांबाआड उभी. आता बाईला कुणी बिस्किटं नेतं का? गजरा नेतात, पेढे नेतात. बिस्किटं कुणाला लागतात? आणि मला दरदरून घाम फुटला. पोर! म्हणजे बाई पण आहे आणि तिला पोर पण आहे, आणि ते बिस्किटं खाण्याएवढं मोठं झालंय, आणि मी इथं मीठ मोजतेय!

पुढं एका कॉलनीतलं समाजमंदिर. हे मागच्या खोलीत शिरले. बाहेर चपलांचा ढीग, सगळ्या पुरुषांच्या. मी म्हटलं, जुगार! पण तेवढ्यात मला दिसली ती. त्या ढिगात एकच लेडीज सँडल. टाचेची! पोलीस खात्याची नजर आहे ही, चुकते का? म्हटलं, सापडली! पदर खोचला. आत्ता दार उघडते आणि आत्ता त्या टाचेच्या सँडलीचं तोंड बघते! दाराला हात लावला, आणि आतून ह्यांचा आवाज आला.

'माझं नाव गोरक्ष. मी दारुडा आहे.'

आणि आतले सगळे एका सुरात, 'नमस्कार, गोरक्ष!'

अहो, ह्यात नमस्कार करण्यासारखं काय आहे? मी आपली दाराच्या फटीला कान लावून. आणि हे बोलायला लागले. मशीनवरचा माणूस, घरात चार शब्द एकापुढं एक ठेवत नाही, तो बोलत होता.

म्हणाले, 'मला वाटायचं, घेतली की मला सगळं स्वच्छ दिसतं. बायकोलाही तसंच सांगायचो. त्या दिवशी मी आणि माझा दोस्त दुपारीच बसलो होतो. नंतर मी एकटाच बस स्टॉपपाशी फुटपाथवर टेकलो. एक चप्पल कुठंतरी रस्त्यात निसटलेली. पण डोकं असं लख्ख! वाटत होतं, आता जगात मला न समजलेलं काही उरलं नाही. तिथं कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या. बस आली, सगळ्या चढल्या, एक मागं राहिली. तिनं रस्त्यातली माझी चप्पल उचलली, माझ्यापुढं खाली बसली आणि माझ्या पायात घातली. मी तिला म्हणालो, "बाळ, कुणाच्या घरची गं तू? आईबापानं वळण चांगलं लावलंय तुला." ती उठली, चालत गेली. मी तिच्याकडं बघत राहिलो, कुणाची का असेना, किती गुणाची पोर! मला सगळं दिसत होतं हो. बसची पाटी मी वाचू शकत होतो. ती पोरगी माझी होती, तेवढं दिसलं नाही.'

 बाहेर मी तर दाराला चिकटल्यासारखी.

'दुसऱ्या दिवशी सकाळी,' हे म्हणाले, 'वेदिकानं चहा आणून ठेवला आणि सहज माझ्या पायाकडं बघितलं.  आणि मला आठवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आदल्या दिवशीचं आठवलं. तो कप काही मला उचलता येईना.'

...स्कार्फ आतून सगळा ओला झाला माझा. माझी पोरगी, माझ्या शेजारी झोपते, मला एका शब्दानं बोलली नव्हती. आणि हे... तशीच मागं फिरले. अर्धा रस्ता रडत आले, आणि बाकीचा अर्धा, खरं सांगू का, चिडत आले! अहो, चिडू नको तर काय? एवढं सगळं आत साठवलेलं, ते त्या परक्या माणसांना सांगता, त्यांच्यासाठी बिस्किटं नेता, आणि मला काय? मला मीठ कमी आहे!

घरी वेदिका विचारते, 'आई, माझा स्कार्फ ओला कसा?' मी म्हटलं, 'पाऊस लागला.' 'मे महिन्यात?' मी आपलं तिच्या भातावर तूप वाढलं, मग अजून वाढलं, ती 'बास, बास' म्हणाली तरी वाढत राहिले. पोरगी माझ्याकडं अशी बघायला लागली, की आईचं काहीतरी बिनसलंय. संशय काय हो, घरात एकाला लागला की सर्दीसारखा सगळ्यांना लागतो!

बरं, आता मला खरं कळलं होतं. बाई नाही, लिव्हर नाही, दिंडोरी नाही. दारू सोडलेल्यांची मीटिंग, बास! मग मी सुखात राहायचं ना? पण मन! हे यायचे, जेवायचे, मीटिंगला जायचे, यायचे, झोपायचे. मी आपली ताट वाढताना जरा जास्तच रेंगाळायची, वाटायचं आता म्हणतील, आता म्हणतील, 'मैना, बस.' तर म्हणायचे, 'मैना, तो नळ...'

आणि अशातच घरघंटी साफ करायला काढली. मागची फळी खोलली, आणि आत, पिठानं पांढरी झालेली, एक क्वार्टर! अर्धी भरलेली! एवढी वर्षं धाडी टाकणाऱ्या पोलीस खात्याच्या स्वतःच्या ऑफिसात, तुम्हाला सांगते!

घरात कुणी नव्हतं. सासूबाई विमलाबाईंकडं, वेदिका कॉलेजात. मी ती बाटली पुसली आणि ओट्यावर ठेवली. ओतून द्यायची, दुसरं काय? पण हात काही उचलेना. आणि माझ्या मनात आलं... हसू नका हं... मनात आलं, एक टोपण. एकच टोपण. संध्याकाळच्या ताकात. कळायचंसुद्धा नाही. जास्त नाही, नुसते ते डोळे लकाकतील एवढं. 'तू लय सोसलंस' एवढं तोंडातून निघेपर्यंत. मग लगेच बंद! परत कध्धीच नाही!

टोपण भरलंसुद्धा होतं. आणि मग माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं. 'एकच, मग लगेच बंद, परत कधीच नाही.' हे कुणाचं वाक्य? अहो, ह्यांचं! वर्षानुवर्षं ह्यांचं! एक घोट न पिता, नुसती बाटली हातात धरून, मला चढली होती! मलाही अगदी स्वच्छ दिसायला लागलं होतं ना, की एका टोपणानं संसार कसा गोड होईल! आणि ती फुटपाथवर खाली बसलेली पोरगी मात्र दिसत नव्हती.

मी अशी घाबरले, अशी घाबरले, की बाटली धरली मोरीत उपडी. निम्मी मोरीत, निम्मी साडीवर, हातावर, बांगड्यांवर. साबण लावते, वास जाईना. उदबत्ती लावली, आणखी विचित्र वास सुटला. आणि घाबरल्यावर माणसाला काही सुचत नाही, ह्यांच्या शर्टाच्या खिशातली बडीशेप दिसली, टाकली तोंडात!

आणि दारात हे. कंपनीत लाईट गेली म्हणून लवकर सुटलेले!

उंबऱ्यातच थांबले. नाक वर केलं. 'मैना.'

'काय?'

'इकडं ये. बस.'

एवढे महिने ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द! आणि आले तेव्हा हे!

जवळ आले. माझा हात हुंगला. पदर हुंगला. 'तोंड उघड.' मी म्हटलं, 'अहो, काय हे!' 'उघड.' उघडलं. 'बडीशेप,' म्हणाले, आणि मटकन खुर्चीत बसले. 'मैना... बडीशेप कुणी उगीच खातं का गं?'

'अहो, मी ओतून देत होते!' तर म्हणाले, 'मीही असंच म्हणायचो.' 'आईशप्पथ, एक थेंब घेतला नाही!' 'हेही माझंच.' 'ती बाटली माझी नाही हो, तुमची आहे!' तर माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं, इतक्या मायेनं, आणि म्हणाले, 'मी भिकनचं नाव सांगायचो.'

आता काय बोलायचं? जे बोलायला जाईन ते ह्यांनी आधीच बोलून ठेवलेलं! आणि खरं सांगू तर काय सांगू? की तुम्हाला पाजायला निघाले होते? जो माणूस पोरीच्या हातून चप्पल घालून घेऊन माणसात आला, त्याला सांगू की तुझी बायको टोपण भरून बसली होती? जीभ उचलेना. आणि न उचलणारी जीभ बघून ह्यांची खात्रीच झाली!

तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांनी हवा हुंगली आणि म्हणाल्या, 'म्या वळखलंच व्हतं. परवाच्या दिशी चक्कीपाशी एकटीच पुटपुटत व्हती.' वेदिका आली. तिला बापानं बाजूला नेऊन हळूच सांगितलं. पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'आई... तू पण?' अन् एकदम मला मिठीच मारली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती, देवाला ठाऊक! मी बघायला गेले तर तिनं तोंड माझ्या पदरात लपवलं, आणि पदराला तो वास, म्हणून शिंकली!

आणि ह्यांचं काय झालं सांगू? हे माझा हात धरून बसले. 'चूक माझी आहे मैना. माझ्यामुळं लागली तुला. पण घाबरू नको. मी आहे.' मी आहे! अहो, एवढ्या वर्षांत शुद्धीत म्हणालेलं पहिलं वाक्य! तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसतात. पोळ्या लाटते तर शेकायला येतात. परवा सोमेश्वरला फिरायला नेलं, भाजलेलं कणीस घेऊन दिलं, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यात मला मागं बसवून थोरल्या भावजींकडं घेऊन गेले, पाया पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ते आठवतही होतं! फक्त काय, बोलता बोलता मध्येच नाक जवळ आणतात आणि माझं तोंड हुंगतात. मी आपली श्वास सोडते. करते काय! आणि माझी मेलीची सवय जात नाही, तेवढ्यात मीही त्यांचं हुंगून घेते. एवढं गोड बोलतो म्हणजे काय? माणूस असा उगीच सुधरत नसतो!

पण परवाच्या रविवारी कहर झाला. म्हणाले, 'चल, तुला एके ठिकाणी न्यायचंय.' मी नवी साडी नेसले, वाटलं सिनेमा! आणि नेलं कुठं? त्या समाजमंदिरात! पुढच्या खोलीत दारू सोडणाऱ्या बायकांची मीटिंग. मला आत सोडलं, 'घाबरू नको, मी बाहेर थांबतो' म्हणाले आणि दार लावून घेतलं. आत बायका गोल करून बसलेल्या, चांगल्या घरच्या, साध्या घरच्या, सगळ्या. आणि मधोमध ती टाचेची सँडल! चैतालीताई तिचं नाव. हसून म्हणाली, 'या मैनाताई. इथं कुणी कुणाला नावं ठेवत नाही. मन मोकळं करा.'

मी उभी राहिले. म्हटलं, आता बास! ह्यांना नाही सांगता येत, इथं तरी खरं बोलू. हात जोडले आणि अगदी कळवळून सांगितलं, 'अहो, मी खरंच सांगते, मी आयुष्यात कधी एक थेंबसुद्धा घेतलेली नाही!'

सगळ्या बायका माझ्याकडं इतक्या मायेनं बघायला लागल्या! शेजारचीनं पाठीवरून हात फिरवला. आणि चैतालीताई म्हणाली, 'हो मैनाताई. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं.'

आणि टाळ्या!

...आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा. बसले खाली. पुढच्या रविवारी चहा करायची पाळी माझ्याकडं दिलीय.